बिनलसणाचं जापचे

ब्योंगताकने उकडलेल्या शेवया चाळणीत ओतल्या आणि वाफ थेट त्याच्या चष्म्यावर आली. रताळ्याच्या शेवया, काचेसारख्या. गाजर वेगळं परतून झालं होतं, पालक वेगळा, मशरूम वेगळे. त्याची बायको ओकबुन जापचे, म्हणजे या शेवयांचा भाज्या घालून केलेला पदार्थ, असंच करायची. सगळं एकाच कढईत का नाही टाकत, असं तो तिला दर वेळी विचारायचा. आज त्याने सगळं परातीत घेतलं, सोया सॉस आणि तिळाचं तेल ओतलं आणि दोन्ही हातांनी कालवलं.

मलसुन, त्याची थोरली बहीण, पिशव्या घेऊन आली आणि दारातच थबकली.

"लसूण घातलास?"

"घातला. ती घालायची."

"अरे शहाण्या, ती वाढदिवसाला घालायची! आज तिचं वर्षश्राद्ध. लसणाच्या वासाने गेलेलं माणूस उंबरठा ओलांडत नाही. बायकोला बोलावतोयस की हाकलतोयस?"

ब्योंगताक तेलकट हात तसेच धरून उभा राहिला. सकाळपासून तो एवढ्याचसाठी राबत होता, की तिने यावं आणि दोन घास खावेत.

"मग आता नाही येणार ती?"

ताईचा आवाज उतरला.

"खिडक्या उघड. हात साबणाने धू. शेवया उरल्यात ना? आण, गाजर मी चिरते."

दिवस मावळताना बिनलसणाचं जापचे ओकबुनच्या फोटोपुढे, भात आणि सुपाच्या शेजारी मांडलं गेलं. ब्योंगताकने वाकून वास घेतला. वास चांगला होता, पण तिच्या हातचा नव्हता. रीतीप्रमाणे त्याने तिच्यासाठी पेल्यात दारू ओतली, भातात चमचा उभा रोवला आणि दोघांनी जमिनीला कपाळ टेकवलं. मग तिला निवांत जेवता यावं म्हणून ते बाहेर आले आणि दार लोटून घेतलं.

लसूण घातलेल्या जापचेची परात ओसरीवर तशीच पडली होती.

"तुझ्या हाताला लसूण फार, असं कायम म्हणायचे मी तिला," ताई म्हणाली आणि तिने परातीतला एक घास घेतला. मग दुसरा. नाक पुसत ती खात राहिली.

काही वेळाने तिने परात बाजूला केली.

"चल, झालं असेल जेवून. खाकर, म्हणजे तिला कळेल आपण आत येतोय."

ब्योंगताक उठला. दाराला हात लावला, खाकरायला तोंडही उघडलं. मग हात खाली घेतला.

"थांब जरा, ताई."

"आता काय?"

"ती सावकाश जेवते." तो पुन्हा ओसरीवर टेकला. "मीच नेहमी आधी उठायचो."

ताईने त्याच्याकडे पाहिलं आणि परात त्याच्यापुढे सरकवली. त्याने एक शेवई उचलली आणि तीच कितीतरी वेळ चावत बसला.