बोरीखालचा कार्यक्रम

चाळीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या भागिरथाबाईंना चौऱ्याहत्तराव्या वर्षी एकच हाव सुटली होती. आपली कविता कोणीतरी खरोखर वाचावी. घरच्यांचं वाचन त्या धरत नव्हत्या. मुलगा "मस्त आहे आई" म्हणायचा तेव्हा त्याच्या हातात वही उलटी असायची.

कविता देवलावर होती. किन्हीराजा गावात दोघी एकाच गल्लीत वाढल्या. भागिरथा शाळेत गेली, देवला दुसऱ्यांच्या शेतात निंदायला. बांधावरच्या बोरीखाली दोघींनी खाल्लेल्या भाकरीची ती कविता.

'ये गं देवला रविवारी,
बोरीखाली भर दुपारी,
भाकर आणते मी बांधून,
ठेचा आण तू.'

साठ वर्षांपूर्वीचं सगळं आपल्याला जसंच्या तसं आठवतं, असं बाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

"कुठं टाकू हे?" त्यांनी नात स्नेहाला विचारलं.

आधी फेसबुकवर टाकली. त्याच क्षणी पुतण्याचा, सतीशचा, अंगठा आला. बाई हरखल्या.

"आजी, सतीशकाका निधनाच्या बातमीलेही असाच अंगठा देते," स्नेहा म्हणाली.

इन्स्टाग्रामवर कविता तीस सेकंदांत म्हणायची होती, मागे बासरी. बाईंनी आरशासमोर म्हणून पाहिली. खोकला धरून सव्वा मिनिट झालं.

मग कवींची एक वेबसाइट सापडली. तिथं आपण दुसऱ्याला 'अप्रतिम' म्हणायचं, मग तो आपल्याला म्हणतो. बाईंनी त्याऐवजी बावीस जणांचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारले आणि दोघांना 'पुन्हा लिहून आणा' असा शेरा दिला. चौथ्या दिवशी त्यांचं खातं बंद झालं.

"तू तिथंही शाळा भरवली," स्नेहा म्हणाली.

चिडून बाईंनी कविता स्वतःच बहिणीला पाठवायला घेतली. चष्मा डोक्यावर होता. कविता चुकून गेली किन्हीराजाच्या विहारातल्या महिलांच्या ग्रुपवर. या ग्रुपचा एकच नियम, फक्त कार्यक्रमाची सूचना टाकायची. ज्यांच्याकडे मोबाइल नाही त्यांच्यासाठी ग्रुप चालवणारी रत्नमाला ती सूचना रविवारी वंदनेनंतर वाचून दाखवायची.

त्या रविवारी तिचा फोन आला. "बाई, वाचून दाखवलं सगळ्यायले. पुढच्या रविवारी बोरीखाली. भाकर तुमची, ठेचा आमचा. सतरा जणी येऊन राह्यल्या."

'अगं, ती कविता होती,' हे बाईंच्या ओठावर आलं. पण जिला सतरा जणींपैकी एकीनंही कविता म्हणून ओळखलं नाही, तिची ओळख आता कवयित्रीनंच करून द्यायची? त्यांना ते जमेना.

"देवला येते काय?" त्यांनी विचारलं.

"तिलेच तर बोलावलं तुमी. दोनदा वाचाले लावलं तिनं."

देवलाकडे मोबाइल नव्हता, तिला अक्षरओळखही नव्हती. हे माहीत असूनही बाई महिनाभर कविता जगाला दाखवत हिंडत होत्या.

पुढच्या रविवारी छत्तीस भाकरी घेऊन आजी-नात स्कूटीवर निघाल्या. बोरीखाली सतरा घरचे ठेचे आले होते. बायका जेवल्या, भाकरी जाड झाल्या म्हणाल्या. कवितेचं नाव कोणी काढलं नाही. देवलानं शेवटचा घास सावकाश संपवला आणि हात धुतले.

"तुह्यं चुकलं," ती म्हणाली.

"काय चुकलं?"

"भाकर मी आणत होती. ठेचा तुह्या घरचा. आमच्या घरी ठेच्याले कुठचं आलं तेल? अन रविवार नाई, सोमवार होता. रविवारी तू घरीच राहत होती. सोमवारी शाळा बुडवून येत होती."

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. स्नेहा तर मोठ्यानंच हसली. "आजी, शाळा बुडवून?"

चाळीस वर्षं पोरांची हजेरी घेतलेल्या बाईंनी नातीकडे पाहायचं टाळलं. पण आपली कविता कोणीतरी ओळीओळीनं ऐकली, हेही त्यांना त्याच वेळी कळत होतं. त्यांनी पर्समधून लाल पेन काढला आणि स्वतःच्याच कवितेवर दोन ठळक फुल्या मारल्या.

"पुन्हा लिहून आणते," त्या म्हणाल्या.

"आण. रत्नमालाले पाठव, ते वाचते," देवला म्हणाली. "अन भाकर पातळ कर जराशी."