बोलणं विझवणारी पळी

मी पळी बोलतेय. आमटीची नव्हे, देवापुढचीही नव्हे. फिनलंडमधल्या एका तळ्याकाठच्या लाकडी सौनात, म्हणजे वाफ घ्यायच्या खोलीत, तापल्या दगडांवर पाणी टाकणारी, तांब्याची. माझा दांडा बर्च झाडाचा. सौनाचा मालक ओइवा तरणाताठा होता, तेव्हा त्याने तो स्वतः तासला.

शनिवार आला की भट्टी पेटते. खिडकीपलीकडे तळं दुधाळ होत जातं आणि मी बादलीत निवांत डुंबत पडते. मग चर्र! वाफ उठते, भिंती दिसेनाशा होतात, माणसं मान खाली घालतात. वाफ विरेपर्यंत कुणी बोलायचं नाही, ही इथली रीत. आवाज चढवणं तर सौनात चालतच नाही. मला वाटायचं, आपण ढग बनवतो. केवढा तोरा होता माझा!

ओइवाची बायको गेली आणि माझा भलताच उपयोग सुरू झाला. मुलगा तापानी शहरातून यायचा, बापाशेजारी बाकावर बसायचा नि म्हणायचा, "बाबा, या हिवाळ्यात तरी आमच्याकडे..."

चर्र! ओइवाने पाणी टाकलेलं असायचं.

"काय म्हणत होतास?" वाफ विरल्यावर तो साळसूदपणे विचारायचा.

"काही नाही."

मुलाला वाटे, बापाला आपली पर्वाच नाही. बापाला वाटे, हा आपल्याला सामानासारखा उचलून न्यायला येतो. मधल्यामधे मी. मला माझीच लाज वाटायची. शेवटी एकदा दारात टॉवेल झटकत तापानी म्हणाला, "पुढच्या शनिवारपासून नाही येत, बाबा. येऊन उपयोग काय?" आणि खरंच यायचा थांबला. ओइवा एकटाच बाकावर बसायचा, पाणी टाकायचंही विसरायचा.

पानगळीत ओइवा तळ्याच्या धक्क्यावर घसरला, खांदा दुखावला. तापानी धावत आला. त्या संध्याकाळी मला उचलणं बापाला जमेना.

"टाक पाणी," तो म्हणाला.

"टाकतो. पण आधी ऐका."

ओइवाला उठून जाता आलं असतं. तो बसून राहिला. "बोल. पळी तुझ्याकडे आहे."

"तुम्ही फोन उचलला नाहीत की मी गाडी काढतो. अर्ध्या वाटेत तुमचा फोन येतो, तळ्यावर होतो म्हणून. मग तिथूनच मागे फिरतो. किती वेळा झालंय असं."

"हे मला ठाऊक नव्हतं रे."

"होऊ दिलंत कुठे?"

मग म्हातारा हळूहळू बोलायला लागला. "तुझ्याकडे मला काही कमी नाही. पण सकाळी उठून मी तिथे करू काय? इथे लाकडं फोडायची असतात, जाळं बघायचं असतं. तिथे माझ्यावाचून कुणाचं..."

आणि तापानीचा हात आपोआप हलला. मी भरले, दगडांवर रिकामीसुद्धा झाले!

वाफेतून ओइवाचं हसू ऐकू आलं. "शेवटी माझाच मुलगा."

तापानी पार ओशाळला. त्याने मला बाकाखाली सरकवलं. "बोला बाबा. आता नाही टाकत."

भट्टी निवत गेली, तळ्यावर धुकं उतरलं, तरी दोघं बोलत होते. सगळं काही पटलं नाही एकमेकांचं.

"कडाक्याच्या थंडीपुरता येतो," ओइवा म्हणाला. "पण लाकडं मी फोडणार."

"आमच्या इमारतीत लाकडं नाहीत, बाबा."

"मग माझ्यासाठी काम शोधून ठेव."

"ठेवतो."

आता ओइवा मुलाकडे शहरात आहे नि मी खिळ्याला टांगलेली आहे. खिडकीपर्यंत बर्फ आलंय, तळं गोठलंय, दगड गार पडलेत. आठवण येते त्यांची, खूप येते. पण बरंही वाटतं.

तुमच्या घरातही कुणीतरी तुम्हाला न पटणारं सांगू लागतं. तेव्हा आपला हात कशाकडे जातो, ते जरा बघा. फोनकडे? पेपरकडे? टीव्हीच्या रिमोटकडे? जे काही असेल, ते बिचारं माझ्यासारखंच शरमत असेल. त्याला खाली ठेवा.