नाव घे की गं, साधना

करोनानंतर हट्टा गावात पोराटोरांनाही एक इंग्रजी शब्द पक्का पाठ झाला होता, पॉझिटिव्ह. तपासणी शिबिरातून साधनाच्या नावाने आलेला लिफाफा थोरल्या दिराने परस्पर फोडला तेव्हा त्याने तेवढाच शब्द वाचला. बाकीचा कागद वाचायची तसदी कोण घेतो?

सासूने, गोजरबाईने, त्याच दुपारी साधनाची कपबशी फळीवरून काढून मोरीत ठेवली. "कुठून आणलंस गं हे?" चोवीस वर्षांच्या साधनाला माहेर आणि हट्टा यापलीकडे ठाऊक तरी काय होतं? नवरा वैजनाथ अंगठ्याने जमीन उकरत उभा राहिला. रथसप्तमीचं हळदीकुंकू उरकलं की तिला माहेरी पोचवायचं ठरलं, आणि तेही कायमचं.

साधना रडत बसली नाही. तिने शिबिरातल्या उझ्मा सिस्टरला फोन लावला. तरण्या बायांत एक विषाणू किती जणींना असतो, ते बघायलाच ते शिबिर गावात आलं होतं.

"एचपीव्ही हाय तो," सिस्टर म्हणाली. "लई जणींना ऱ्हातो. तुमच्या गावात चाळीस जणी तपासल्या, त्यात अकरा निघाल्या. नवरा-बायकोच्या संबंधातून येतो, गड्याला तर कळतबी न्हाई. तरण्यापणी बहुतेकींचा वर्षा-दोन वर्षांत आपोआप जातो. एखादीचा जात न्हाई, तिला पुढं गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर होऊ शकतो. म्हणून दिलेल्या तारखेला तपासायला बराबर या."

अकरा! म्हणजे दहा जणी लिफाफा दडवून बसल्या होत्या आणि बोलणी खायला एकटी साधना. तिला असा संताप आला की कानशिलं तापली.

रथसप्तमीला घर बायांनी भरलं. करंडा थोरल्या जावेच्या, संगिताच्या हातात होता. साधनाला हळदीकुंकवाला हात लावायची मनाई, म्हणून ती चौकटीला टेकून उभी होती. कुणीतरी मुद्दाम खोडी काढली, "साधना, जाता जाता नाव घे की गं!" हसू पिकलं. गोजरबाईने डोळे वटारले.

साधना पदर खोचून मधोमध आली.

"हट्ट्याच्या हळदीला सोन्याचा भाव,
चाळिसांत अकरा जणी, गप सारा गाव;
एचपीव्ही हाय माझ्या दुखण्याचं नाव,
वैजनाथरावांकडूनच आला, माझ्यावरच काहून घाव?"

तीन-चार माना खाली गेल्या. संगिताच्या हातातला करंडा कलला, कुंकू सांडलं.

"त्या अकरांत मीबी हाय," संगिता म्हणाली.

तांदळाच्या डब्यात स्वतःचा लिफाफा दडवून हीच बाई पंधरा दिवस साधनाला वरून पाणी वाढत होती. साधनाच्या ओठांवर चांगलं झणझणीत काहीतरी आलं होतं, पण तिने ते गिळलं. संगिता पुढे आली आणि तिने करंडा साधनाच्या हातात दिला.

साधनाने चिमूट भरली आणि सरळ सासूपुढे जाऊन उभी राहिली. "आत्या, कपाळ करा पुढं."

पुढ्यात आलेल्या कुंकवाला सवाष्णीने नाही म्हणायचं नसतं, हे गोजरबाईनेच तिला लग्नाच्या दुसऱ्या दिवशी बजावलं होतं. सगळ्या आळीच्या बाया बघत होत्या. गोजरबाईने सुनेकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. मग तिची मान हळूहळू वाकली.

साधनाने कुंकू चांगलं ठसठशीत लावलं.

"आन आत्या," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मोरीतली माझी कपबशी फळीवर ठिवा. तुमीच काढली व्हती."