दहा बाळांची बाटली

माझ्या धाकट्या बहिणीच्या रक्तात हिपॅटायटीस बी आहे हे कळल्यापासून त्या इस्पितळाने सगळ्यांचं उत्तम रक्षण केलं. तिच्या केसपेपरवर लाल शिक्का मारला. तिला कोपऱ्यातली खाट दिली. खाटेभोवतीचा केर काढायला वेगळा झाडू ठेवला. हा विषाणू केरातून पसरत नाही असं मी म्हटल्यावर आयाबाई म्हणाल्या, "तरी पण ताई, काळजी घेतलेली बरी." झाडूसुद्धा सुरक्षित झाला. राहता राहिली एकच व्यक्ती, जिला हा आजार त्या दिवशी खरोखर लागू शकत होता. ती सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी जन्मली, वजन दोन किलो नऊशे ग्रॅम, आणि तिच्यासाठी कुणालाच घाई नव्हती.

करायचं होतं थोडंच. बहिणीने शेवटचे तीन महिने रोज एक गोळी घेतली होती. आता बाळाच्या एका मांडीत तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन आणि दुसऱ्या मांडीत लस. पहिलं आम्ही आधीच बाहेरून आणून ठेवलं होतं. बालरोगतज्ज्ञांनी ते तासाभरात दिलं, "लस सिस्टर देतील" म्हणाले आणि निघून गेले. लस चोवीस तासांच्या आत द्यायची, आणि जितकी लवकर तितकी चांगली. जन्मताना हा विषाणू शिरला तर दहातल्या नऊ मुलांत तो कायमचा मुक्काम ठोकतो. हे मी पुस्तकात वाचलं आहे आणि घरातही पाहिलं आहे. आम्हा दोघी बहिणींना तो आईकडून असाच आला. तेव्हा कुणाला काही माहीत नव्हतं. आता सगळ्यांना माहीत असतं, एवढाच काय तो फरक.

लसीच्या फ्रिजची किल्ली मोठ्या सिस्टरच्या कमरेला होती.

"देणार की," त्या म्हणाल्या. "पाच बाळं होऊ देत."

"आत्ता किती आहेत?"

"तुमचं धरून दोन. एका बाटलीत दहा डोस असतात, मॅडम. दोघांसाठी फोडली तर आठ वाया. वरून विचारणा होते, तिचं उत्तर तुम्ही देणार का?"

"आज पाच झाली नाहीत तर?"

"उद्या होतील. बायका काय बाळंत व्हायच्या थांबल्यात?"

त्यांच्या रजिस्टरमध्ये वाया गेलेल्या डोससाठी रकाना होता. न मिळालेल्या डोससाठी नव्हता. ज्याला रकाना नाही ते इस्पितळात घडत नाही.

मी प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे खोक्यातली माहितीपत्रकं वाचायची मला खोड आहे. या लसीची उघडलेली बाटली नीट थंड ठेवली तर अठ्ठावीस दिवस वापरता येते. उघडल्यावर चार तासांत फेकायची ती गोवराची. पण गोवराचा तो नियम कुणीतरी फ्रिजच्या दारावर चिकटवला होता, आणि तेव्हापासून तो आतल्या सगळ्यांना लागू झाला होता, बहुधा सिस्टरच्या जेवणाच्या डब्यालाही. मी त्यांना माहितीपत्रक दाखवलं.

"कागदावर काय, काहीही छापतात," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी दारावरच्या कागदाकडे बोट दाखवलं.

बाहेर बाकावर बहिणीच्या सासूबाई बसल्या होत्या. मी त्यांना काकू म्हणते. गेले सात महिने काकूंनी या आजाराचं नाव 'अशक्तपणा' असं ठेवलं होतं आणि अशक्तपणा पसरू नये म्हणून सुनेचं ताट आणि कप वेगळे काढले होते. सुनेने माहेरून आणलेल्या वस्तूंपैकी परत पाठवायची तयारी त्यांनी दाखवली ती फक्त या आजाराची.

"ताई, बाळाला पाजू ना?" बहिणीने आतून विचारलं. "काकू म्हणतात, पावडरचं दूध आणा."

"पाज. दुधातून काही होत नाही. काकूंना मी चहा देते."

थर्मासमधला चहा मी माझ्या कपात ओतून दिला. त्यांनी तो आवडीने प्यायला. माझ्या रक्ताबद्दल त्यांना माहीत नव्हतं. कपातून काही लागत नाही हे मला माहीत होतं, म्हणून मी त्यांना उगीच त्रास दिला नाही.

तीन वाजेपर्यंत तिसरं बाळ झालं. मी मोठ्या सिस्टरला म्हटलं, लस देत नाही तर कारण लेखी द्या.

"त्यासाठी अर्ज लागतो. बाळंतिणीची किंवा मावशीची सही चालत नाही. बाळाच्या घरचं माणूस हवं."

बाळाचा बाप कामावर दूर होता, परवा येणार होता. घरचं माणूस बाकावर होतं.

"काय लिहायचं?" काकूंनी विचारलं.

"सुनेला हिपॅटायटीस बी आहे, नातीला आज लस हवी, मिळणार नसेल तर कारण लिहून द्या."

"अशक्तपणा लिहिलं तर?"

"मग टॉनिकची बाटली उघडतील."

"समोरच्या खाटेवरच्या बाळंतिणीची सासू आमच्या गल्लीतली आहे. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही."

"सात तास झाले, काकू."

"नाही दिली तर होईलच असं नाही ना?"

"नाही. तिचं नशीब असेल तर नाही होणार."

त्या उठल्या, आत जाऊन पाळण्यात बराच वेळ बघत राहिल्या. मग माझ्याकडे न बघता हात पुढे केला. "पेन दे."

अर्ज त्यांनी स्वतः लिहिला, आणि सिस्टर वाचतील यावर विश्वास नसल्यामुळे टेबलापाशी उभं राहून मोठ्याने वाचूनही दाखवला. माझ्या सुनेला हिपॅटायटीस बी आहे, हे वाक्य शेवटच्या खाटेपर्यंत पोचलं.

"हळू बोला, आजी."

"सात महिने हळूच बोलत होते. खाली कारण लिहा. तुमच्या अक्षरात, सहीसकट."

मोठ्या सिस्टरनी पेन उघडलं आणि माझ्याकडे पाहिलं. "काय लिहू?"

"खरं ते. बाळं कमी पडली."

त्यांनी पेन मिटलं. वाया गेलेल्या सात डोसचं उत्तर देता येतं. हे लिहिणं त्यांनाही जड गेलं. फ्रिजची किल्ली फिरली. तीन वाजून चाळीस मिनिटांनी दुसऱ्या मांडीत सुई गेली आणि भाची रीतसर रडली. बाटली उघडलीच आहे म्हणून बाकीच्या दोन बाळांनाही लस मिळाली. उरलेल्या बाटलीवर मी तारीख लिहिली. सिस्टरनी ती फ्रिजमध्ये ठेवली, मला बरं वाटावं म्हणून असेल.

"ही सुई कसली?" गल्लीतल्या बाईंनी विचारलं.

"काविळीची. माझ्या सुनेला आहे ना, ती," काकू म्हणाल्या. "तुमच्या सुनेची तपासणी केलीत का?"

मग त्या माझ्याकडे वळल्या. "झालं ना आता? सुटलो?"

"सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात अजून तीन डोस. वर्षाची होत आली की रक्त तपासायचं. तेव्हा कळेल."

"म्हणजे वर्षभर तुझं तोंड बघायचं."

"हो, काकू."