एक खोंड, एक दावण

रंजनाने बनवलेल्या मोबाइलच्या खेळातला खोंड फार बुजरा होता. जत्रेत विकत घेतल्यापासून घरच्या गोठ्यात पोचेपर्यंत त्याचे वीस मुक्काम, आणि प्रत्येक मुक्कामाला तो कशाला ना कशाला बिचकायचा. कुठे उघडलेली छत्री, कुठे एसटीचा हॉर्न, कुठे वाऱ्यावर उडणारी पिशवी. खेळणाऱ्याने काचेवर हलकेच बोट फिरवून त्याची मान खाजवायची. तो शांत झाला की पुढे निघायचं. घाई केली की खोंड उधळलाच, आणि लगेच आवाज यायचा, "घालवलास नाय खोंड! आता हुडक!"

हा आवाज रंजनाच्या कमळूमामाचा. मामा वैशाखरे गावचा, जनावरांच्या बाजारातला दलाल. रेकॉर्डिंगला तीन बैठका आणि सात चहा लागले, मानधन शून्य. तरी मामा गावभर सांगत होता की भाचीने आपल्याला मोबाइलात घातलंय.

रंजना शहापुरात एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. उरल्यासुरल्या वेळात दीड वर्ष खपून तिने हा खेळ केला आणि रीतसर फी भरून मोबाइलच्या मोठ्या स्टोअरवर चढवला. किंमत चाळीस रुपये. त्यातले पंधरा टक्के, म्हणजे सहा रुपये, स्टोअरचे. तीन महिन्यांत गिऱ्हाइकं झाली अकरा. सात नात्यातली, तीन क्लासमधली, आणि अकरावा कोण ते काही केल्या कळलं नाही. त्या अकराव्याबद्दल रंजनाच्या मनात फार माया होती.

अशात कल्याणच्या एका कंपनीचा फोन आला. बोलणारा मंगेश नावाचा, जिभेवर साखर ठेवून बोलणारा. खेळाची कल्पना छान आहे, म्हणाला. तीस हजार एकरकमी देतो, सगळे हक्क आमचे. फक्त थोडे बदल करू. भाषा हिंदी करू, त्या म्हाताऱ्याचा आवाज काढू, आणि खोंडाच्या जागी पांढरा घोडा घालू. पंखवाला.

"घोडा तर घोडा," रंजनाची आई रत्ना म्हणाली. "तीस हजार मोजतोय ना? तुझ्या खोंडाने अकरा माणसं आणली, त्यातली चार माझ्या माहेरची."

"आई, खोंड काढला तर माझं काय राहिलं त्यात?"

"तीस हजार राहिले."

दुसरी कोणी असती तर रुसली असती. रंजना रत्नाचीच पोर. तिने सौदा मांडला. मुरबाडजवळची म्हशाची जत्रा, गुराढोरांचा मोठा बाजार, तोंडावर आली होती. चार दिवस रजा टाकून ती स्वतः जत्रेत बसणार. मध्ये स्टोअर नाही, नेट नाही. आपल्या फोनातून थेट गिऱ्हाइकाच्या फोनात खेळ द्यायचा आणि पूर्ण चाळीस रुपये आपल्याकडे घ्यायचे.

"दोनशे माणसांनी पैसे देऊन घेतला, तर कंपनीला नाय म्हणायचं," रंजना म्हणाली.

"आणि एकशे नव्याण्णवांनी घेतला, तर मुकाट सही करायची," रत्ना म्हणाली.

ठरलं. रंजना सल्ला घ्यायला वैशाखऱ्याला मामाकडे गेली. स्टोअरचा सगळा व्यवहार तिने मामाला समजावून सांगितला. मामा तंबाखू मळत ऐकत होता.

"शेकड्याला पंधरा? आमी दोन घेतो तरी लोक डोळे वटारतात. करतो काय तो येवढं घेऊन?"

"फळीवर मांडतो खेळ."

"नुसती फळी?"

"तसं नाय. पैसे गोळा करतो. खेळात काय भानगड नाय ना, ते तपासतो. लोक त्याच्या भरवशावर घेतात."

मामाचा अंगठा थांबला. "म्हंजे जामीन राहतो."

"तसंच म्हण."

"मग तसं बोल ना गो! जामिनाला मोल असतं. पंधरा जास्त झाले, पण फुकट नाय खात तो."

मामा स्टोअरला चार शिव्या हासडेल अशा आशेने आलेली रंजना जरा खट्टू झाली. मामाने तंबाखूची चिमूट गालात सारली आणि वर विचारलं, "जत्रेत तुझा जामीन कोण?"

त्या प्रश्नाचं वजन तिला जत्रेच्या पहिल्या दिवशी कळलं. घोंगडीवाल्यांच्या रांगेच्या टोकाला तिने टेबल टाकलं होतं. लोक यायचे, खोंड बघून हसायचे, दोनदा उधळवायचे, चाळीसची तयारीही दाखवायचे. पण खेळ फोनात बसायच्या ऐन वेळी काचेवर चौकट उगवायची: हे ॲप अनोळखी ठिकाणाहून आलं आहे, तुमच्या फोनला धोका होऊ शकतो. ती वाचली की माणूस खोंडापेक्षा जास्त बुजायचा.

"नको बाय. माझे बँकेतले जातील."

"किती आहेत बँकेत?" रंजनाने एकाला चिडून विचारलंच.

"सहाशे. पण माझे आहेत."

दिवसभरात विकले गेले नऊ. त्यातही नववं गिऱ्हाईक भलतंच निघालं. किन्हवलीकडचा धोंडी, बैलजोडी घ्यायला आलेला. त्याने चाळीस रुपये दिले आणि तिथंच उभ्या उभ्या बरोबरच्या पाच मित्रांना खेळ वाटून टाकला. "अगो, हा तर फुकट पण जातो की!" त्याला स्वतःलाच नवल वाटत होतं. त्या पाचांनी पुढे आणखी कोणाकोणाला दिला. दुपारनंतर जत्रेत चहूकडून मामा ओरडायला लागला, "घालवलास नाय खोंड!" खेळणारे सव्वीस, पैसे नऊ जणांचे. पहिल्यांदाच रंजनाला मामाचा आवाज नकोसा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती बैलबाजारात चिंचेखाली जाऊन मामापुढे उभी राहिली.

"मामा, जामीन राहतोस?"

"किती देशील?"

"शेकड्याला पाच."

"सख्ख्या भाचीकडनं पाच घेऊ? लोक थुंकतील माझ्यावर. चार दे."

तिने मामाच्या फोनात खेळ घातला, दुसऱ्याच्या फोनात कसा पाठवायचा ते दाखवलं, आणि मामा कामाला लागला. चौकट वाचून मागे सरणाऱ्या माणसाचा हातच धरायचा.

"अनोळखी ठिकाण? अरे विठू, मी तुला अनोळखी? तुझ्या बापाची तांबडी गाय कोणी विकून दिली? फोन बिघडला तर आणून बांध माझ्या दारात!"

विठू निमूट चाळीस काढायचा. विठूने घेतला म्हणून त्याच्या मागचा घ्यायचा. तीस वर्षं मामा त्याच चिंचेखाली बसत होता. त्याला न ओळखणारा माणूस निदान मुरबाडचा तरी नव्हता.

फक्त एक गोष्ट रंजनाला उमजेना. एक विक्री झाली की मामा चिंचेपासून तिच्या टेबलापर्यंत चालत यायचा आणि फोन पुढे करायचा. "घाल."

पहिल्यांदा तिला वाटलं, चुकून पुसला गेला असेल. दुसऱ्यांदा वाटलं, फोन जुना आहे. पाचव्यांदा मामा धापा टाकत आला तेव्हा तिने विचारलं, "मामा, तुझ्यातला जातो कुठे?"

"जातो कुठे म्हंजे? विकला नाय का!"

"मग?"

"मग काढून टाकला. विकलेलं जनावर माझ्या दावणीला ठेवू? लोक काय म्हणतील?"

रंजना हसता हसता टेबलाला टेकली. मग तिने नीट समजावलं. हे जनावर नव्हे, मामा. कितीही जणांना दिलं तरी तुझ्याकडचं तुझ्याकडे राहतं, कमी होत नाही.

मामाने सगळं ऐकून घेतलं. "म्हंजे मी त्याचे चाळीस घेतले, आणि खोंड पण माझ्याकडंच?"

"हो."

"आमच्या बाजारात याला चोरी म्हणतात गो."

आणि त्याने आपला नियम काही सोडला नाही. उलट तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सौद्यातच सांगायला लागला. एक खोंड, एक दावण. दुसऱ्याला द्यायचा तर खुशाल दे, पण तुझ्याकडचा काढ. दोन्हीकडे ठेवायचा तर त्याने चाळीस मोजायचे. रंजनाला वाटलं, आता लोक मामाला वेड्यात काढणार. हेच कलम शहरात कोणाला सांगितलं असतं तर त्याने मान डोलावून घरी जाऊन आठ जणांना खेळ पाठवला असता. पण ऐकणारे सगळे गुरंढोरं बाळगणारे. त्यांना यात समजावण्यासारखं काही वाटलंच नाही. विकलं ते गेलं, ठेवलं ते आपलं; यात काय कळायचं? चांगल्या चांगल्या इंजिनिअरांना जे कुलूप बसवता येत नाही, ते मामाने आपल्या अज्ञानाने बसवून टाकलं. रंजनाने त्याला पुन्हा काही समजावलं नाही. फक्त चालणं वाचावं म्हणून टेबल उचलून चिंचेखाली आणलं.

तिसऱ्या दिवशी नियमाची बातमी जत्राभर झाली आणि धोंडी अडकला. त्याचा सौदा चालला होता नवसूशी. नवसूची खिलार जोडी बाजारात नावाजलेली. भाव ठरला होता, इसार द्यायचाच काय तो बाकी. तेवढ्यात नवसूने विचारलं, "पाच जणांना खोंड फुकट वाटणारा तूच काय रे?"

"तो मोबाइलातला, काका!"

"खोंड तो खोंड. एक खोंड पाच दावणीला बांधणाऱ्याच्या घरी माझी जोडी नाय जायाची. उद्या बैल एकाला विकशील, शिंगं दुसऱ्याला."

आजूबाजूचे बाजार सोडून हे ऐकायला गोळा झाले. धोंडी घामाघूम. तासाभरात पाचही मित्रांना, आणि त्या पाचांनी ज्यांना दिला त्यांना, जत्रेच्या पाळण्यातून, भज्यांच्या गाडीवरून हुडकून त्याने चिंचेखाली रांगेत उभं केलं. एकूण सतरा जण. एकाने कुरकुर केली, "मला आवडला पण नाय खेळ."

"मग काढ की," मामा म्हणाला.

त्याने फोनाकडे बघितलं, रांगेकडे बघितलं. "सातव्या मुक्कामाला पोचलोय," असं पुटपुटून चाळीस रुपये काढले.

चौथ्या दिवशी दुपारी रत्ना भाकऱ्यांचं गाठोडं घेऊन आली आणि पाठोपाठ कागद घेऊन मंगेश. त्याच्या नव्या बुटांना बैलबाजाराने आधीच दाद दिली होती. रत्नाने भाकरी वाढायच्या आधी हिशेब मांडला. सात हजार चारशे चाळीस. पहिल्या दिवशीचे नऊ वगळून मामाची दलाली झाली दोनशे त्र्याऐंशी रुपये वीस पैसे. वीस पैसे त्याने सोडले, आणि सोडल्याचं तिथल्या चौघांना सांगितलं.

"एकशे शहाऐंशी माणसं," रत्ना म्हणाली. "चौदा कमी."

रंजनाने मामाकडे बघितलं. मामाने नजर बैलांकडे वळवली. ठरलेल्या सौद्यात शब्द फिरवायला सांगणं त्याच्या तोंडून निघणार नव्हतं.

मंगेशने टेबलावर कागद पसरला, पेन उघडून दिलं. रंजनाने ते घेतलं. बोटांना ते बैलाच्या कासऱ्याएवढं जड लागत होतं.

"आणि एक छोटी गोष्ट," मंगेश म्हणाला. "सही झाली की तुमच्याकडच्या सगळ्या कॉप्या काढून टाकायच्या. घरच्यांच्या फोनमधल्यासुद्धा. कंपनीचा नियमच आहे."

मामाचा चेहरा एकदम उजळला. "वा! माणूस रीतीचा आहे. विकलं ते गेलं! रत्ने, काढ फोन."

"माझा कशाला?"

"तुझ्यात खोंड आहे ना? नवा मालक समोर उभा आहे. काढून टाक."

रत्नाचा हात कमरेच्या पिशवीवर गेला आणि तिथंच राहिला. "राहू दे की एक. कोणाला कळतंय?"

"रत्ने! तीन दिवस मी जत्रेला काय शिकवलं?"

"हो आई, तुमचाही काढावा लागेल," मंगेश साखर घालून म्हणाला. "नंतर घोडा देऊ ना तुम्हाला. फ्री."

"तुझ्या घोड्याला घाल पेंढा," रत्ना भडकली. "बारा मुक्काम आणलाय मी त्याला! बारा! तांदूळ निवडताना, चूल पेटता पेटता, एका बोटाने मान खाजवत. आता कुठे जरा माणसाळलाय, आणि काढून टाक म्हणे!"

रंजनाच्या हातातलं पेन टेबलावर पडलं. "आई, तू खेळतेस?"

"खेळते कोण! पोरगी दीड वर्ष कशात डोकं घालून बसली होती ते बघत होते."

मामा आता गालातल्या गालात हसत होता, पण धंदा तो धंदा. "सौदा मोडायचा तर भरपाई पडते हां, रत्ने."

"किती?"

"चौदा गिऱ्हाइकं."

"येवढंच? माझ्या माहेरची अजून चौदा माणसं राहिलीत. संक्रांतीला यायचीच आहेत. चाळीस मोजल्याशिवाय तिळगूळ नाय." मग तिने तो कागद मंगेशच्या हातात दिला आणि त्यावर पानात बांधून एक भाकरी ठेवली, कारण लांबून आलेल्या माणसाला तसंच पाठवणं तिला जमणारं नव्हतं.

मंगेश गेला. वाटेत त्याने एकदा वळून विचारलं की एक कॉपी मिळेल का, आणि मामाने त्याच्याकडून पूर्ण चाळीस रुपये घेतले. तेरा उरले.

रंजना अजून आईकडेच बघत होती. रत्नाने भाकरीचा तुकडा मोडला, तोंडात घातला आणि चावता चावता म्हणाली, "आणि ऐक गो. तेराव्या मुक्कामाला तो ढोलवाला आहे ना, त्याला जरा लांब उभा कर. माझा खोंड दर वेळी तिथंच उधळतो."