दोन खड्ड्यांचे मैदान

मैलूरबाहेरील गोल्फचे मैदान निजामाच्या अंमलात केवळ साहेबलोकांकरिता राखीव होते. म्हैसूर राज्य आल्यावर ते नगरपालिकेकडे आले, आणि फाटकावर 'सर्व जातिधर्मांस मुक्त प्रवेश' अशी ठसठशीत पाटी झळकली. शेतकी कचेरीतील कारकून राघोबा ती पाटी येता-जाता वाचीत असे. ज्या कुंपणातून त्याच्या बापास गवताची पेंढीसुद्धा आणू दिली नव्हती, तेथे चारचौघांच्या बरोबरीने एक डाव खेळावा, एवढीच त्याची मनीषा होती. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून तो कोणापुढे वाकत नसे. सरावासाठी मात्र अंगणात रोज वाकू लागला.

"ह्या वयात गोट्या खेळायलाव का?" पत्नी राजूबाईने विचारले.

"साहेबी खेळ हाय ह्यो."

"साहेब गेले की! तुम्ही कामून त्यांच्या मागं लागलाव?"

उद्घाटनाच्या सामन्यात मैदान कमिटीचे अध्यक्ष गुंडेराव, तुरीचे मोठे व्यापारी, यांनी राघोबाच्या गळ्यात हार इतक्या दुरून टाकला, की तो एका कानावरच अडकला. "राघोबाजी आमचे बंधू आहेत," असे ते भाषणात तीनदा म्हणाले.

या खेळात चेंडूस हात नव्हे, काठी लागते. सबब विटाळाचा प्रश्नच उद्भवत नाही, असे कमिटीने एकमताने ठरविले होते. परंतु खड्ड्यात पडलेला चेंडू हातानेच काढावा लागतो, हे आदल्या दिवशी कोणाच्या तरी ध्यानात आले. मैदानातील सारे जुने खड्डे बुजून एकच शिल्लक राहिला होता. कमिटीने त्याच्या शेजारी दुसरा खणविला.

"हे दोन कामून?" राघोबाने विचारले.

"तुमच्यासाठी खास सोय. नवा कोरा गड्डा!"

"मी जुन्यातच खेळणार."

"मग डाव सोड," गुंडेराव म्हणाले. राघोबाजी एका क्षणात 'तू' झाले होते.

राघोबाने काठी खाली ठेवली नाही. इतक्यात गुंडेरावांनी आपला फटका मारला. चेंडू डौलाने घरंगळला, जुन्या खड्ड्याच्या काठावरून वळला आणि नव्यात जाऊन पडला.

"अप्पा," चिटणीस शिवशरण कुजबुजला, "त्यो गड्डा त्यांचा हाय."

विजेत्यासाठी ठेवलेला चांदीचा पेला टेबलावर चकाकत होता. गुंडेराव गरजले, "गड्डा म्हंजे गड्डा! धर माझा डाव!"

"व्हय," राघोबा म्हणाला, "मग ह्यो बी गड्डाच." आणि त्याने जुन्या खड्ड्याकडे काठी वळविली. आता त्यास अडवावे, तर अध्यक्षांचा पेला जातो. सबब कमिटी बाजूला सरली. फटक्यांमागून फटके चुकले. अखेर चेंडू आत गेला. राघोबाने जुन्या खड्ड्यात हात घातला, आणि काढण्याची मुळीच घाई केली नाही.

सायंकाळी राजूबाईने दारातच विचारले, "जिंकलाव का?"

"हरलो की!" राघोबा म्हणाला, "सगळ्यांच्या बरोबरीनं हरलो." आणि एवढा हसला, की तिने त्याच्या कपाळास हात लावून पाहिला.