सुटायला जन्मलेला आकडा

मी एक आकडा. कपडे टांगायचा नव्हे हं, मासेमारीच्या होडीचा. हातभर लांब आणि चांगला पोलादी. आकड्याचं काम काय, तर धरून ठेवणं. माझ्या भाऊबंदांनी जन्मभर तेच केलं. मी मात्र सोडण्यासाठी जन्माला आलो. हसू आलं ना? वसईच्या पाचूबंदरावर भले भले हसले होते, तुम्ही काही पहिले नाही.

माझा जन्म सातिवलीचा. तिथे शत्रुघ्न नावाच्या गृहस्थाचा लेथ मशीनचा गाळा आहे. त्याची मुलगी उन्नती जहाजांच्या सामानाची ड्रॉइंग करणाऱ्या कंपनीत नोकरीला. मोठ्या जहाजांना खटका पडून दोर सोडणारे आकडे असतात, हे तिला ठाऊक होतं. "मग आपल्या होडीवाल्यांनी कुणाचं घोडं मारलंय?" असं म्हणून तिनं विरारच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावर, मला कागदावर काढलं. मग सुट्टीच्या दिवशी बापाच्या मागे लागून घडवून घेतलं.

माझ्याआधीची भावंडं भंगारात गेली. एक सुटायचंच नाही, दुसरं कुणी शिंकलं तरी सुटायचं. माझ्या पोटातली स्प्रिंग आणि खिटी मात्र जमून आली. मला चेन-पुलीला टांगून त्यांनी खाली वाळूची पोती लटकवली. ठरल्या ओझ्याला खिटी सरकली, माझं तोंड उघडलं आणि पोती धाडकन खाली आली. शत्रुघ्न म्हणाला, "चला, या घरात कुणीतरी वेळेवर ऐकतंय."

मग उन्नती मला पिशवीत घालून पाचूबंदरावर घेऊन गेली. कुणी मला हातातसुद्धा धरेना. शेवटी ती 'आवे मारिया' होडीचा नाखवा बॅप्टिस्ट याच्यापाशी थांबली. तो जाळं सांधत बसला होता आणि त्याची बायको एलिसा बोंबील वाळत घालत होती.

उन्नतीनं समजावून सांगितलं. जाळं तळाशी खडकात अडकलं आणि वरून ओहोटीची ओढ असली, की जाळ्याचा दोर होडीला मागून पाण्यात खेचतो. तो दोर माझ्या तोंडात असला तर मी आपोआप सुटणार. दोराच्या टोकाला पाण्यावर तरंगणारा बोया बांधलेला, म्हणजे पाणी शांत झाल्यावर जाळं शोधून काढता येणार.

"पोरी," बॅप्टिस्ट म्हणाला, "हा सुटनार तो कोनाला इचारून सुटनार? नाखवा मी हाय का हा?"

एलिसाच्या हातातला बोंबील हातातच राहिला. "तुमी कापाल काय दोर? क्लिफर्डनी कापला?"

क्लिफर्ड हा बॅप्टिस्टचा धाकटा भाऊ. त्याचं जाळं असंच अडकलं होतं. कोयता हाताशी होता. पण जाळं म्हणजे घरादाराचं पोट. आपल्या हातानं कापून ते समुद्राला द्यायला नाखव्याचा हात उचलत नाही. क्लिफर्डचाही उचलला नाही. होडी बुडाली. खलाशी पोहून वाचले, तो सापडला नाही.

बॅप्टिस्टनं जाळं सांधायची सुई खाली ठेवली. मग कुणाकडे न बघता म्हणाला, "बसव तुजा आकडा."

ऑगस्टात मासेमारी सुरू व्हायच्या आधी इथे साऱ्या होड्या रंगवतात. होडीवर बिनरंगाची वस्तू ठेवणं म्हणजे सणाच्या दिवशी पोराला जुने कपडे घालणं. मी एकटा उघडाबोडका दिसलो, तर एलिसाच्या जिवाला कसं बरं वाटेल? ती स्वतः ब्रश घेऊन बसली. लालभडक ऑइलपेंट, एकावर एक हात, फट न् फट भरून. "तू माज्या मानसाचा राखनदार हाय," ती रंगवता रंगवता म्हणाली. मला एवढ्या मायेनं कुणी कधी हात लावला नव्हता. खोटं कशाला बोलू, मी फुशारलो.

फादर आले, त्यांनी होड्यांवर पवित्र पाणी शिंपडलं. माझ्या गळ्यात झेंडूची माळ पडली. उन्नतीही आली होती. माळेआडून माझं फक्त लाल नाक दिसत होतं. "अय्या, किती गोड दिसतोय!" म्हणत तिनं फोटो काढला आणि ती गेली. इकडे रंग आतल्या आत वाळून घट्ट होत होता, माझ्या सांध्यात, खिटीभोवती. मला ते कळत होतं, पण आकड्याचं ऐकतो कोण?

आणि तो दिवस आला. भर दुपारी जाळं अडकलं. ओहोटी जोरात होती. दोर ताणला, होडीची मागची बाजू खाली गेली आणि पाणी फळ्यांवरून आत आलं. बॅप्टिस्ट माझ्यासमोर उभा राहिला. "सुट," तो म्हणाला. मी तोंड उघडायला जीव तोडून जोर करत होतो, पण खिटी रंगात चिणलेली.

"नाखवा, कोयता घ्या!" केनी खलाशी ओरडला.

"थांब! तो सुटनार हाय! सुट रे, सुट!"

ज्याचा माझ्यावर काडीचा विश्वास नव्हता, तो माणूस त्या क्षणी गुडघाभर पाण्यात माझी वाट बघत होता. असा प्रसंग वैऱ्यावरही येऊ नये.

मग त्याच्या तोंडून एकच शब्द निघाला, "एलिसा!" त्यानं कोयता उचलला आणि दोर कापला. होडी उसळून वर आली. बोया बांधलेलं टोक माझ्यापाशीच राहिलं आणि जाळं गेलं ते गेलंच.

बंदरावर आल्यावर त्यानं मला उखडलं. फोन करून उन्नतीला बोलावलं आणि मला तिच्या पायाशी टाकलं. "तुज्या आकड्यापायी थांबलो मी! याची वाट बगत बसलो!"

उन्नतीनं स्क्रू-ड्रायव्हर माझ्या सांध्यात घातला. लाल खपल्या खाली पडू लागल्या. एलिसानं त्या पाहिल्या आणि ती खाली बसून त्या वेचू लागली. "माजाच हात. मीच माज्या मानसाला मारीत होते."

"नाही आंटी," उन्नती तिच्याशेजारी ओल्यातच बसली. "या बंदरावर बिनरंगाचं काही राहत नाही, हे मी पहिल्या दिवसापासून बघत होते. तरी ड्रॉइंग करताना मी रंग धरलाच नाही. चुकले ते मी."

बॅप्टिस्टच्या हातात अजून कोयता होता. त्याचा राग कुठल्या कुठे गेला होता. तो बायकोसमोर उकिडवा बसला आणि हळूच म्हणाला, "पन मी कापला, एलिसा. क्लिफर्डनी नाय कापला. मी कापला."

तेव्हा एलिसा रडली. बंदरावरच्या बायका गोळा झाल्या तरी तिला रडू आवरेना.

आता 'आवे मारिया'वर माझा धाकटा भाऊ आहे. त्याची खिटी बंद डबीत असते, तिथे ब्रश पोचत नाही. शिवाय उन्नतीनं त्याच्या डोक्यावर एक गोल टोपी बसवली आहे. यंत्राला तिचा काडीचा उपयोग नाही. ती आहे फक्त एलिसाला रंगवायला. गेल्या हिवाळ्यात जाळं पुन्हा अडकलं, तेव्हा पठ्ठ्या वेळेवर सुटला आणि बोयामुळे जाळंही परत मिळालं. मला थोडी असूया वाटली, पण थोडीच.

होडीवाल्यांनो, तुमच्या होडीवर असा कुणी बसला तर टोपी खुशाल रंगवा, माळ घाला, पण त्याचा सांधा मोकळा ठेवा. एवढंच माझं मागणं.

मी आता एलिसाच्या दाराशी भिंतीला ठोकलेला आहे. दर ऑगस्टात उरलेला लाल रंग ती माझ्या सांध्यात पार आतपर्यंत भरते आणि मी भरू देतो. बॅप्टिस्ट समुद्रावर निघाला की माझ्यावर टांगलेला कोयता काढून नेतो. मग एलिसा येता-जाता माझ्याकडे बघते, मी रिकामाच असतो. तो परत आला की आधी कोयता माझ्यावर टांगतो, मग पाय धुतो. तो कोयता मी घट्ट धरून ठेवतो.